हवेच्या मशीनला हळदकुंकू

घोरतात ते पुरुष, असं मी पन्नाशी उलटेपर्यंत धरून चालले होते. बायका फार तर जरा मोठ्याने श्वास घेतात. आमचे हे कधी म्हणाले, "नंदा, काल रात्री घोरत होतीस गो," की मी उखडायचे. "स्वतःचं बघा आधी!" मग विषय तिथेच मिटायचा. माझ्यासारख्या उखडणाऱ्या बायका घरोघरी असणार, म्हणून हे लिहायला बसले. त्यांच्यातल्या एकीने जरी हे वाचून नवऱ्याचं म्हणणं एकदा ऐकून घेतलं, तरी मला पुष्कळ झालं.

मी भांडुपची. ब्लाउज शिवते, साड्यांना फॉल-पिको करते. हे लिफ्ट दुरुस्तीच्या कामात होते, आता निवृत्त झालेत. सासरे मालवणहून गिरणीत नोकरीला आले ते इथलेच झाले, पण घरातलं अर्धं बोलणं अजून मालवणीच आहे. एकच मुलगी, प्राची, लग्न होऊन मुलुंडला गेलेली. एवढीच आम्ही माणसं.

बारसं

कांदिवलीला माझ्या पुतणीच्या मुलाचं बारसं होतं. प्राचीला तेव्हा नुकतेच दिवस गेले होते. नाव ठेवून झालं, घुगऱ्या वाटून झाल्या, आणि कुणीतरी म्हणालं, "काकू, तुम्हाला पाळणे येतात ना? घ्या बाळाला मांडीवर आणि म्हणा." मला काय, तेवढंच हवं होतं. खुर्चीवर बसले, बाळाला मांडीवर घेतलं, आणि सुरुवात केली. दोन कडवी म्हटल्याचं मला आठवतं. तिसरं आठवत नाही.

जाग आली ती सगळ्या गप्प झाल्या म्हणून. डोळे उघडले तर प्राची माझ्या गुडघ्यांपाशी जमिनीवर बसलेली आणि बाळ तिच्या हातात. मी गाता गाता झोपले होते आणि बाळ मांडीवरून घसरत गुडघ्यापर्यंत आलं होतं. समोर बसलेल्या प्राचीने झेप घेऊन त्याला धरलं. बाळाला काही झालं नाही, त्याची तर झोपसुद्धा मोडली नव्हती. "दमल्या हो काकू," म्हणून बायका हसल्या. प्राची हसली नाही.

परत येताना आम्ही दोघी रिक्षात बसलो. प्राची एकदम म्हणाली, "आई, तुला कळतंय का आज काय झालं असतं?"

"अगं, डुलकी लागली. पहाटेपासून उठलेय मी."

"डुलकी? तू गाता गाता झोपलीस, आई! परवा शिवता शिवता झोपलीस, तर नखातून सुई गेली. दूध गॅसवर ठेवून झोपतेस. फोनवर माझ्याशी बोलता बोलता झोपतेस. आणि मी इकडे हॅलो हॅलो करत बसते."

"वय झालं आता माझं."

"बाबांच्या आईचं झालं नव्हतं का वय? ती झोपायची का अशी?" मग तिचा आवाज बदलला. "ऐक ना. तू डॉक्टरकडे गेली नाहीस, तर मी बाळंतपणाला तुझ्याकडे येणार नाही. सासरीच राहीन. आणि आलेच, तरी बाळ तुझ्या पायांवर देणार नाही. मालिशवाली लावेन मी."

मला कुणी थोबाडीत मारली असती तरी इतकं लागलं नसतं. लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे कुणी ठरवत नाही, ते असतंच. आणि बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालायचं ते आजीनेच. प्राचीला माझ्या आईने घातलं होतं. पाटावर बसून पाय लांब करायचे, त्यावर बाळाला पालथं घ्यायचं, तेल चोळून गरम पाणी ओतायचं. मी दारात उभी राहून बघायचे आणि मनात म्हणायचे, एक दिवस मीही अशीच बसेन. तेवढीच एक हौस मी इतकी वर्षं जपून ठेवली होती, आणि माझीच मुलगी म्हणत होती की तुझ्या पायांवर माझं बाळ देणार नाही.

घरी येऊन मी आधी तिच्यावर तोंडसुख घेतलं, मग मोरीत जाऊन रडले. राग आला होता तो तिचं म्हणणं खरं होतं म्हणून.

पायाचा अंगठा

मला वाटलं थायरॉइड असेल. नाहीतर पाळी गेल्यामुळे. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी दोन्ही तपासलं, काही निघालं नाही. त्यांनी मुलुंडच्या एका छातीच्या डॉक्टरबाईंच्या नावाची चिठ्ठी दिली. तिथे बाहेरच्या बाकावर मी इतकी गाढ झोपले की रिसेप्शनच्या मुलीला उठून यावं लागलं, आणि आत गेल्यावर डॉक्टरबाई म्हणाल्या, "चला, माझे निम्मे प्रश्न तुम्ही बाहेरच सोडवलेत."

त्या माझ्यापेक्षा यांनाच जास्त विचारत होत्या. घोरतात का? किती वर्षं? घोरता घोरता मध्येच शांत होतात का? मी मध्ये बोलायला लागले तर त्यांनी हात वर केला. "तुम्ही झोपलेल्या असता हो. साक्षीदार हे आहेत."

आणि हे बोलायला लागले. आयुष्यात इतकं सलग बोललेलं मी ऐकलं नव्हतं. म्हणाले, हिचं घोरणं वाढत वाढत जातं आणि एकदम बंद होतं. अगदी सामसूम. मग बऱ्याच वेळाने हिसका बसल्यासारखा श्वास येतो. मध्ये जे बंद असतं ना, तेव्हा मला भीती वाटते. "मग मी तिच्या पायाचो अंगठो ओढतंय. अंगठो ओढलो की श्वास घेता."

मी बघतच राहिले. आम्ही खाली गाद्या घालून झोपतो. गेली काही वर्षं हे माझ्या पायांकडे उशी घेऊन उलटे झोपायला लागले होते. मी विचारलं तेव्हा म्हणाले होते, इकडे पंख्याचा वारा बरा लागतो. वारा कसला, अंगठा हाताशी यावा म्हणून उशी फिरवली होती. आणि मी प्रत्येक पाहुण्याला सांगायचे, आमच्या यांना माझ्या तोंडाकडे बघून झोप येत नाही!

"मला कधी बोललात का नाही?" मी बाहेर आल्यावर विचारलं.

"बोललंय. तू म्हणालंस, स्वतःचं बघा आधी."

केसांना तेल

झोपेची तपासणी घाटकोपरला होती. एक रात्र तिथेच झोपायचं, अंगाला तारा लावून. त्यांनी फोनवर बजावलं होतं, केस धुऊन या. मी धुतले. पण धुतलेले भुरभुरे केस घेऊन परक्या ठिकाणी झोपायला जायचं? माझ्याच्याने होईना. वाटीभर खोबरेल तेल चापून लावलं, घट्ट वेणी घातली आणि गेले.

तिथल्या मुलीने माझ्या डोक्याला पहिली तार चिकटवली, ती घसरली. दुसरी घसरली. तिने बोटं नाकाशी नेली. "काकू, तेल लावू नका म्हणून सांगितलं होतं."

"तुम्ही धुऊन या म्हणालात. धुतलेत."

त्या बिचारीने मला बाथरूममध्ये नेलं आणि हात धुवायच्या साबणाने माझे केस धुतले. दोघीही चिंब झालो. तुम्हाला जायचं असेल तर माझं ऐका, डोक्याला तेल नको आणि तोंडालाही क्रीम नको. एवढ्या तारा लावल्यावर झोप कशी येणार असं वाटतं, पण येते. मला तर त्या मुलीने गुड नाइट म्हणायच्या आत आली.

रिपोर्ट

रिपोर्ट घ्यायला आम्ही दोघंच गेलो. डॉक्टरबाईंनी कागद बाजूला ठेवला आणि साध्या शब्दांत सांगितलं. झोपेत तुमचा घसा सैल पडून बंद होतो. श्वास थांबतो. मेंदू घाबरून तुम्हाला क्षणभर जागं करतो, की पुन्हा सुरू. हे रात्रभर चालतं. तुमच्याकडे हे बरंच जास्त आहे. तुम्ही रात्री झोपता असं तुम्हाला वाटतं, पण झोप अशी होतच नाही.

मी आधी हसले. म्हटलं, म्हणजे मी रात्रभर उठबशा काढते! आणि हसता हसताच मला आई आठवली.

माझी आई झोपेत गेली. सकाळी उठवायला गेलो तर नव्हती. सगळे म्हणाले, पुण्यवान बाई, कुणाला त्रास दिला नाही. मीही तसंच म्हणत आले. आई घोरायची. आम्ही भावंडं तिची नक्कल करून हसायचो. दुपारी तांदूळ निवडताना ती बसल्या बसल्या झोपायची, त्यालाही हसायचो.

"डॉक्टर, मी झोपेत मरेन का हो?" मी विचारलं.

त्यांनी उगाच गोड बोलून वेळ मारून नेली नाही. म्हणाल्या, "आईंचं काय झालं ते आता कुणालाच सांगता येणार नाही. त्यात अडकू नका. तुमचं सांगते. असंच सोडलं तर हृदयावर ताण येतो, बीपी वाढतं, दिवसा अपघात होतात. पण यावर उपाय आहे आणि तो चांगला लागू पडतो. झोपताना हवेचं मशीन लावायचं. नाकावाटे थोड्या दाबाने हवा जाते, घसा उघडा राहतो, श्वास थांबत नाही."

"किती दिवस?"

"चष्मा किती दिवस लावता?"

यांनी खुर्चीखाली माझा हात घट्ट धरला होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, चारचौघांत कधी धरला नव्हता.

मी डॉक्टरबाईंना अजून एकच गोष्ट विचारली. लेकीचं बाळंतपण दिवाळीच्या आसपास आहे, तोवर मला बाळ पायांवर घेता येईल का? त्या म्हणाल्या, "मशीन रोज लावलं, तर का नाही?" मी ते वाक्य पदराला गाठ मारून घरी आणलं.

दोन मशीनं

मशीनचं दुकान अंधेरीला. तिथे दोन प्रकार होते. एकात दाब ठरवून दिला की रात्रभर तेवढाच. दुसरं ऑटो. ते प्रत्येक श्वासाकडे लक्ष ठेवतं आणि लागेल तसा दाब कमी-जास्त करतं. आधी ठराविक दाबाचं घरी नेऊन वापरून बघायचं ठरलं. ते स्वस्त होतं आणि यांना पसंत होतं. यांचं म्हणणं, "मशिनीक स्वताचा डोक्या कशाक व्हया? सांगितला तेवढा करूचा आणि गप ऱ्हवायचा."

झालं. पहिल्या रात्री तोंडावर मास्क चढवला आणि मी जी घाबरले! नाकात वारा घुसतोय, तोंड उघडलं तर तिथून बाहेर येतोय, डोळ्यांत फुंकर बसतेय. सकाळी पोट फुगलेलं आणि ढेकरांवर ढेकर. सगळी रात्र मी हवा गिळत होते. पुढच्या रात्री झोपेतच मास्क उपटून फेकला, सकाळी तो कपाटाखाली सापडला. असं होत होत माझी हिंमत संपली. मशीन पेटीत भरलं आणि म्हटलं, द्या परत. प्राचीला लावू दे पाहिजे तर मालिशवाली.

प्राचीला यांनी फोन केला असणार, कारण ती दुपारी दारात हजर. पोट चांगलं दिसायला लागलं होतं. भांडेल म्हणून मी तयारीत होते, तर ती पेटीशेजारी खाली बसली. "मला तुझ्याकडेच यायचंय, आई," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं. पुन्हा डॉक्टरबाईंकडे गेलो, या वेळी तिघं.

डॉक्टरबाईंनी रिपोर्ट परत काढला. म्हणाल्या, उताणं झोपल्यावर तुमचा श्वास फार थांबतो, कुशीवर बराच कमी. स्वप्नं पडतात त्या झोपेत पुन्हा जास्त. जास्तीत जास्त त्रासाला पुरेल असा दाब लावला, तर बाकीच्या रात्रीला तो नको तेवढा होतो. म्हणून पोटात हवा जाते.

हे मला चटकन कळलं. शिलाई मशीनवर दोऱ्याचं टेन्शन असतं. सुती कापडाला लावलेल्या टेन्शनवर रेशमी ब्लाउज शिवा, चुण्या पडल्याच म्हणून समजा. कापड बदललं की मी चाकी फिरवते. "म्हणजे रात्रभर माझं कापड बदलतं आणि ते ऑटो मशीन आपण होऊन चाकी फिरवतं," मी म्हटलं.

"अगदी तसंच," त्या म्हणाल्या. "पण सगळ्यांना ऑटोच लागतं असं नाही हं. पुष्कळांना ठराविक दाबाचं छान चालतं. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा काही आजार असेल, तर आम्ही वेगळा विचार करतो. शेजारणीने घेतलं म्हणून घ्यायची ही वस्तू नाही."

यांची कुरकुर चालूच होती. आपल्या मनाने चालणारं यंत्र म्हणजे यांच्या लेखी बिघडलेलं यंत्र. मग मी विचारलं, "तुमच्या नव्या लिफ्टमध्ये एक माणूस चढला किंवा दहा चढली, तरी मोटर सारखाच जोर लावते का हो?" त्यावर हे उठले आणि अंधेरीच्या दुकानात जायला रिक्षा बघायला निघाले.

ऑटो मशीन सुरुवातीला इतकी हळू फुंकर घालतं की चालू आहे का म्हणून मी नळीला कान लावून बघितलं. मास्कही बदलून घेतला, फक्त नाकपुड्यांपुरता, छोटासा. मास्क निवडताना लाजू नका. दुकानात आडवं होऊन, कुशीवर वळून बघा. मी तिथल्या बाकावर साडी सावरत दोन्ही कुशींवर लोळून दाखवलं. घरी आल्यावर अजून एक शहाणपणा केला. हवा ओलसर राहावी म्हणून मशीनला पाण्याचं भांडं असतं, त्यात निलगिरीचे थेंब टाकले, सर्दीसाठी वाफ घेतो तसे. रात्रभर घसा जळजळत होता. त्या भांड्यात साधं डिस्टिल्ड पाणी सोडून काहीही घालू नका. देवाचं तीर्थसुद्धा नाही.

आणि मग एका सकाळी जाग आली ती वेगळीच. काहीतरी कमी होतं, पण काय ते कळेना. उठून चहा टाकला, तो पिऊन झाला, एक ब्लाउज कापण्यापासून हुक लावण्यापर्यंत एका बैठकीत शिवला, तेव्हा लक्षात आलं. डोकं जड नव्हतं. मी इतकी वर्षं डोक्यावर पाटा घेऊन फिरत होते आणि मला वाटत होतं डोकं असंच असतं. भरदुपारी एकटीच हसत बसले.

काही दिवसांनी बघते, तर यांची उशी माझ्या उशीशेजारी आलेली. मी विचारलं, "काय हो, पंख्याचा वारा?"

"हयसर पण बरो लागता," म्हणाले आणि पाठ करून झोपले.

दसरा

एक गोष्ट मात्र सुटली नव्हती, ती म्हणजे लाज. कुणी येणार म्हटलं की मी मशीनवर ब्लाउजपीस टाकायचे. जावांना सांगितलं नव्हतं, शेजारी कळू दिलं नव्हतं. बाईमाणूस घोरतं आणि नाकात नळी घालून झोपतं, हे काय सांगायचं कुणाला?

नवरात्रात प्राची बाळंतपणासाठी आली. "आले बघ," म्हणाली. मला धन्य वाटलं. मालिशवाली मावशी मात्र तिने ठरवून ठेवली होती. "आधी बघू या," म्हणाली. तिच्या जागी मीही तेच केलं असतं.

दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. यांचे पाने, पक्कड, टेस्टर, माझं शिलाई मशीन आणि कात्री, सगळं धुऊनपुसून पाटावर मांडतात. ज्याच्यावर घर चालतं ते सगळं. मी स्वयंपाकघरातून पुरणाचे हात पुसत बाहेर आले, तर पाटावर मधोमध माझं हवेचं मशीन! झेंडूचा हार घातलेलं, आपट्याची पानं वाहिलेली.

"अहो, हे कशाला? लोक येतील आता!"

"येऊ देत. घर हेच्यावरच चलता," हे म्हणाले. मला एकदम भरून आलं. शेजारणी सोनं द्यायला आल्या, त्यांनी विचारलंच. मी तोंड लपवायच्या आत प्राची म्हणाली, "आईचं श्वासाचं मशीन आहे. झोपेत लावते ती." एवढंच. छप्पर काही कोसळलं नाही. उलट त्यातली एक जाताना मला जिन्यापाशी ओढून म्हणाली, "आमच्याकडे पण यांचं असंच आहे हो. कुठे दाखवलंत?"

त्या दिवशी ब्लाउजपीस घडी घालून कपाटात गेला.

पण रात्री मशीन लावलं, आणि जी शिंकायला लागले, थांबेच ना. आतून टक् टक् टक् आवाज. मास्क काढून बघितला तर पिवळाधमक. दिवा लावला. प्राची पोट धरून उठून आली.

"बाबा, तुम्ही हळद कुठे लावलीत?"

हे खाली बघत म्हणाले, "मोटरीक."

आता यात यांचंही काय चुकलं? सगळी नोकरी यांनी लिफ्टच्या मोटरचीच पूजा केली. झाकणाला हळदकुंकू वाहिलेलं यांना चालतच नाही, म्हणे ती पूजा नव्हे, रंगकाम. म्हणून मशीनची मागची जाळी काढून, आतला फिल्टर बाजूला करून, हवा आत जाते त्या भोकात नीट हळद, कुंकू आणि चार अक्षता वाहिल्या होत्या. वर फिल्टर परत बसवला होता. आम्ही तिघं हसून हसून बेजार झालो. सकाळी अंधेरीला नेलं, तर तिथल्या माणसाने मशीन हलवून बघितलं, आतला तांदूळ खुळखुळला. तो म्हणाला, "काका, आजवर झुरळ निघालेलं बघितलंय. अक्षता पहिल्यांदाच." खोलून साफ करायला ठेवून घेतलं. बदली मशीन तेव्हा त्याच्याकडे नव्हतं.

मशीन नसताना

आणि त्याच वेळी प्राचीच्या पोटात दुखायला लागलं. तारखेच्या बरंच आधी. जावई धावत आले, मुलुंडच्या हॉस्पिटलात नेलं. मुलगी झाली. इवलीशी, केसाळ, ओरडणारी. दोघीही सुखरूप.

मशीन नसल्याने मी पुन्हा पहिल्यासारखी झाले होते. यांची उशी परत पायांकडे गेली होती. दोन रात्रींत डोकं जड, हॉस्पिटलच्या कॉटशेजारी बसले तर मान खाली. इतक्या महिन्यांनी मला कळलं की हे मशीन मला काय देत होतं.

नर्सने बाळाला गुंडाळून आणलं. प्राची थकलेली होती, पण चेहरा उजळला होता. माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, घे ना तिला."

माझे हात पुढे झाले होते. किती दिवस वाट बघितली होती मी या क्षणाची! पण सकाळपासून दोनदा बसल्या बसल्या झोपले होते, हे माझं मलाच माहीत होतं. मी हात मागे घेतले.

"नको गं. मशीन येऊ दे. मग घेते."

"अगं, जरा वेळ घे. मी आहे ना इथे."

"नको म्हटलं ना!" मी तिच्यावर खेकसले, कारण न खेकसता बोलले असते तर रडले असते. "बाबांकडे दे."

प्राची माझ्याकडे बघत राहिली. बाळ यांच्याकडे गेलं आणि मी त्यांच्या खांद्यावरून बघितलं, हात पाठीमागे बांधून. आजारपणात मला सगळ्यात जड गेलं ते हे. सुया, तारा, मास्क सगळं याच्यापुढे हलकं होतं.

मशीन साफ होऊन आलं तेव्हा यांनी ते दोन्ही हातांनी आणलं, देव्हाऱ्यातला देव आणावा तसं. त्या रात्री मी जी झोपले!

पाट

बाळ-बाळंतीण घरी आल्या. मालिशवाली मावशी येऊ लागली. मी बाळंतिणीचा डिंक, खीर, शेक-शेगडी बघत होते. मावशी बाळाला पायांवर घ्यायची तेव्हा मी स्वयंपाकघरात काहीतरी काम काढायचे. बाळाला मी मांडीवर घेत होते आता, दुपारभर घेत होते, आणि एकदाही डोळा लागला नव्हता. प्राची बघत होती, हे मला दिसत होतं. मी मागितलं मात्र नाही.

नाळ पडून गेली, बाळ जरा भरलं. एके दिवशी सकाळी पाणी तापलं, तेलाची वाटी कोमट झाली, तरी मावशी येईना.

"अगं, फोन कर तिला. पाणी निवतंय."

"मी आजपासून नको सांगितलंय तिला," प्राची म्हणाली. तिने न्हाणीत पाट ठेवला आणि बाळाला माझ्यापुढे धरलं. "तू हॉस्पिटलात सांगितलंस ना तेव्हा, नको म्हणून. जी नको म्हणते तिच्याकडे द्यायला मला भीती नाही वाटत."

मी साडी गुडघ्यांपर्यंत खोचली, पाटावर बसले, पाय लांब केले. प्राचीने बाळ पायांवर ठेवलं आणि ती खोलीत गेली. आईचे हात माझ्या हातांत आले, कुठून आले कोण जाणे. पाठ, खांदे, इवल्या मांड्या. हे दाराबाहेर स्टूल टाकून पहाऱ्याला बसले होते. दर थोड्या वेळाने आतून आवाज येत नाहीसा वाटला की विचारायचे, "काय गो, जागी आसस मां?"

"कान फुटलेत का तुमचे? पाणी ओततेय ना!"

बाळ आधी कोकललं, मग कुरकुरलं, मग गरम पाण्याची धार पाठीवर पडत राहिली तसं गप्प झालं. माझ्या पायांवर गाल टेकून तिने डोळे मिटले. श्वास एकसारखा, हलका, कुठे अडखळत नव्हता. मी तोच बघत बसले जरा.

"प्राची, झोपली गं ही. टॉवेल दे."

उत्तर नाही.

"अगं प्राची!"

हे उठून खोलीत बघून आले. दारात उभे राहून हळूच म्हणाले, "तीय झोपली. गाढ."

मी बाळाला उचलून छातीशी धरलं. बाळाची आई झोपली होती, बाळ झोपलं होतं, आणि मी टक्क जागी होते.